इंजिनाचा दिवा आणि लाखेचा वास

मंडळी, सकाळी तुम्हाला विचारणार होते की लाकडी मॉडेलवर पितळेचा बारका भाग चिकटवायला कोणता गोंद चांगला. आता विचारत नाही.

बाबांनी बनवलेल्या वाफेच्या इंजिनाच्या लाकडी मॉडेलचा पितळी दिवा आज पुसताना निखळला. झटपट चिकटणारा गोंद लावला, तर काळ्या रंगावर पांढरा डाग पडला आणि जरा धक्का लागताच दिवा पुन्हा हातात. मग दोन ट्यूबा कालवून लावायचा गोंद काढला. त्यासाठी आधीचं सगळं खरवडावं लागतं. खरवडताना खाली लालसर थर दिसला. लाख!

बाबा आरमोरीच्या बाजारातून लाख आणायचे. मेणबत्तीवर पितळ तापवून लाखेत बसवायचे. ज्योत हलू नये म्हणून बल्लारपूरच्या भर मे महिन्यात फर्मान सुटायचं, "पंखा बंद करा! कोनी हलू नोका!"

आई चिडायची, "मानसं उकडून राह्यली इथी, अन् तुमाले दिव्याची पडली!"

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ती लाख खरवडायला माझा हात धजेना. मेणबत्ती पेटवली, दिवा चिमट्यात धरून तापवला आणि त्यांच्याच लाखेवर टेकवला. वास खोलीभर पसरला. पण ज्योत फडफडत होती, पितळ पुरेसं तापेना.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिनं पंखा बंद केला आणि म्हणाली, "आता हलू नोको."

पुन्हा तापवून टेकवला, तसा दिवा पक्का बसला. आम्ही दोघी घामाघूम, तरी बराच वेळ हललो नाही.

तुमच्या घरी आहे का असा एखादा वास, जो आला की कोणीतरी न सांगता उठून पंखा बंद करतं?