आतेचं दहा मार्कांचं वाक्य

इंग्रजांनी दीडशे वर्षांत हिंदुस्थानाला जेवढं छळलं नसेल, तेवढं आमच्या आतेने तीन वर्षांत एकटीने त्यांच्या भाषेला छळलं. आते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी फोंडाघाटला दिली, अठराव्या वर्षी नवरा तापाने गेला आणि ती मालवणला आमच्या घरी परत आली. मला कळायला लागलं तेव्हा ती तिशीला टेकली होती. सबंध घराचं काम ती करायची आणि त्या कामात पुस्तक हातातून सोडायची नाही. डाव्या हातात पुस्तक आणि उजव्या हाताने वाटपाला वरवंटा. पुस्तकाच्या निम्म्या पानांना खोबऱ्याचा वास यायचा. खोटं कशाला बोलू, माझंही मॅट्रिक त्याच पुस्तकावर झालं.

तिला मॅट्रिक व्हायचं होतं. हौस म्हणून नव्हे. फोंडाघाटला तिच्या दिराची बायको अंथरुणाला खिळली होती, तीन लहान पोरं होती, आणि सासरच्यांना घर चालवायला फुकटचं माणूस हवं होतं. इकडे मालवणच्या मुलींच्या शाळेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "मॅट्रिक हो, मी तुला शाळेत घेते." वडिलांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि कचेरीतल्या कारकुनाला शोभेलसा निकाल दिला : तीनदा परीक्षेला बसायचं, तिन्ही वेळा नाही जमलं तर फोंडाघाट. दोनदा ती बाहेरून बसली. दोन्ही वेळा बाकीचे सगळे विषय सुटले आणि इंग्रजीत दांडी उडाली. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी बरोबरच बसणार होतो. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल.

इंग्रजीच्या पेपरात तेव्हा दहा मार्कांचा एक प्रश्न असायचा. उताऱ्यातलं एक वाक्य काढून खाली द्यायचे, उताऱ्यात चार-पाच जागांना आकडे घालायचे, आणि ते वाक्य कुठल्या आकड्यापाशी बसतं ते ओळखायचं. नुसता आकडा लिहायचा, बस्स. आतेचा ह्या प्रश्नावर जीव जडला. वाण्याच्या पुड्यांना आलेले इंग्रजी वर्तमानपत्रांचे कागद ती सरळ करी, त्यातलं एकेक वाक्य कात्रीने कापी आणि कापलेली वाक्यं एका टोपलीत टाकून ढवळी. मग दुपारभर आम्ही दोघी पडवीत बसून ती वाक्यं आपापल्या भोकांत बसवायचो. घरात येणारा इंग्रजी कागद भोकाशिवाय राहीनासा झाला. एकदा वडिलांनी कचेरीतलं परिपत्रक घरी आणलं, ते तिच्या कात्रीखाली आलं. उत्तर पाठवायचं हे वडिलांना कळलं, पण कधीपर्यंत पाठवायचं ते वाक्य टोपलीत गेलेलं. आम्ही तिघांनी मिळून टोपली उपसली तेव्हा कुठे ते सापडलं.

वाक्य कसं ओळखायचं ह्याचं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. वाक्यात 'शी' आली की ती विचारायची, "ह्या 'शी'चा माहेर खंय गो? मागच्या वाक्यात कोण बाई होती ती आधी शोध." हे शोधणं मोठ्याने चालायचं. "ही शी खंयची? ही शी हयची नाय, ती शी थंयची!" शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सकाळधरना शी शी काय लायलास? माणसां चाय पितत!" 'बट'बद्दल तर तिचं ठाम मत होतं. "'बट' म्हणजे जावय. आधी कोणी कायतरी बोलल्याशिवाय तो रुसाचो कसो? म्हणान तो पयल्या जागेर कदी बसाचो नाय." मी आज पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, ह्याहून चांगलं मलाही अजून सांगता आलेलं नाही.

ही खोड मग पुस्तकात राहीना. नवरा गेल्यापासून ती मासे खात नव्हती, पण घरासाठी मासे तीच घ्यायची आणि भावही तीच करायची. एके दिवशी मासेवाली पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "म्हणान आज बांगडे म्हाग." झालं! त्या 'म्हणून'वर आते तिथेच अडून बसली. "'म्हणान' खंयसून इला? त्याच्या आधीचा वाक्य खंय आसा?"

"आधीचा वाक्य दर्यात रवला, बाये! तुका बांगडे होये काय वाक्य होया?"

आळीभर हसू झालं. आतेही हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून हे लक्षात आहे.

परीक्षेला महिना उरला असताना तिचे दीर आले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पडवीत बसून चहा घेतला आणि खाली मान घालून बोलत राहिला. पोरांची आबाळ होते, बायकोला कूसही बदलता येत नाही, शेजारणी किती दिवस भाकऱ्या देणार. "वयनी, ता तुमचाच घर आसा. पोरांक तुमच्याशिवाय कोण बघतलो?"

आते दाराआड उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "भावजी, तुमी अर्धो तास बोलतास. त्यात माका इचारलेला एक वाक्य दाखवा."

वडिलांनी पानाचा डबा पुढे केला. त्या वेळी त्यांनी बहिणीच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा होता, आणि तो ते बोलले नाहीत. मला त्यांचा अजूनही राग येतो.

पेपराच्या दिवशी आम्ही एकाच वर्गात होतो. ती माझ्यापुढे दोन बाकं सोडून, जरा डाव्या हाताला. उतारा दोन भावांचा होता. धुकं पडलेलं, होडी किनाऱ्याला, थोरला जायला निघालेला, धाकटा त्याला अडवणारा. वाक्य होतं, 'पण तो थांबला नाही.' मी तिसऱ्या जागेचा आकडा लिहिला आणि निबंधाकडे वळले. अर्ध्या तासाने वर पाहिलं तर आते त्याच पानावर. तासाने पाहिलं, तरी त्याच पानावर. बोट उताऱ्यावरून फिरत होतं, ओठ हलत होते, मध्येच ती भराभरा लिहीत होती. मला कळलं की ही अडकली आहे. एकदा खोकले असते, पट्टी खाली पाडली असती, तरी भानावर आली असती. पण मागे पर्यवेक्षक उभे होते. मला पकडले जाण्याची भीती वाटली. मी मान खाली घातली आणि माझा पेपर लिहिला.

घंटा झाली. आते बाहेर आली ती नुसती फुलून. माझं मनगट धरून म्हणाली, "सापडला गो! तू खंयच्या जागेर घातलंस?"

"तिसऱ्या."

"चुकलंस! तिसऱ्या जागेर 'तो' म्हणजे धाकटो होता, आणि धाकटो तर तवसर घराक जावन निजलो! मगे थांबाक नाय तो कोण? दुसरीच जागा. मी सगळा लिवन दाखवलंय. पयली कित्याक नाय, तिसरी कित्याक नाय, चवथी कित्याक नाय. तीन पाना झाली."

"आते," मी म्हटलं, "निबंध खंयचो लिवलंस?"

तिने हातातली प्रश्नपत्रिका उलटी करून पाहिली.

"आणि पत्र? भाषांतर?"

तिने माझं मनगट सोडलं. मग पदर खांद्यावरून घेतला आणि घराच्या वाटेला लागली. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले आणि नारळ फोडायला घेतला.

निकाल लागला. माझा नंबर होता, तिचा नव्हता. मी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना तो उतारा दाखवला. ते म्हणाले, दुसरी जागा बरोबर. म्हणजे आते बरोबर होती आणि नापास झाली, मी चुकले आणि पास झाले. मी वडिलांच्या पाया पडून म्हटलं, तिला आणखी एकदा बसू द्या. ते म्हणाले, "मी तेंका शबद दिलंय." आते आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने आपली ट्रंक भरली. एसटी निघाली तेव्हा वडील रडले. ती रडली नाही. "दादा, आता उन्हात उभे रवा नको," एवढंच म्हणाली.

पुढे मी शिरोड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. फोंडाघाटला मात्र दहा वर्षं फिरकले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, दुसरं काय! शेवटी एका मे महिन्यात गेले. आते वाळली होती, केस पांढरे झाले होते. जाऊबाई कधीच वारल्या होत्या, तिन्ही पोरं हिने वाढवली होती. ती मागल्या दारी काजू भाजत होती. मी शेजारी बसले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदम बोलून टाकलं : मी पाहिलं होतं आते, मला कळलं होतं, मी खोकले असते तर तू आज इथे नसतीस.

ती काजू उलथत राहिली. मग म्हणाली, "तू खोकलं असतंस तरी माका आयकाक गेला नसता. तुका काय सांगू, थंय माका किती बरा वाटत होता. तीन तास, गो. तीन तास माका कोणी हाक मारूक नाय."

आतून कोणीतरी "काकी!" म्हणून हाक मारली. आते पदराला हात पुसत उठली आणि आत गेली.