मामींचा डोळा आणि मामांचा गज

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या भिवंडीत सापडला नसता. माणसांवर त्यांचा पूर्ण विश्वास. संशय फक्त मोजमापाच्या साधनांवर. टेमघरच्या एका लूम कारखान्यात त्यांनी हयातभर कापड तपासलं. घरात घड्याळं दोन, थर्मामीटरही दोन. दोन्हींत फरक पडला की मामा खूश, जुळली की बेचैन. जन्म अंजूरचा, तरी अंजूरला जाताना दोन रिक्षावाल्यांना रस्ता विचारायचे. मामींनी चहात साखर घातली म्हणून सांगितलं, तरी "नक्की घातलीस ना?" हे यायचंच. दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुठलंही उत्तर त्यांना पटत नसे.

एकोणीसशे नव्वदनंतर मामींना मोतीबिंदू झाला. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला, उरलेल्यावर आता पडदा. डॉक्टर म्हणाले, आत लेन्स बसवू, पण तिचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजावी लागेल. झालं! मामांनी भिवंडी, कल्याण, ठाणे अशा तिन्ही ठिकाणी ती मोजून आणली. आकडे तीन तऱ्हेचे, फरक मिलिमीटरहून कमी, पण मामांना आनंद लपवता येईना.

"जावई, आधी गज तपासायचा, मग कापड!"

कारखान्यात कापड मोजायचा नवा गज आला की एकच ओळखीचं कापड त्यावर पुन्हा पुन्हा मोजायची त्यांची रीत. इथे ते कापड म्हणजे त्यांचा स्वतःचा धडधाकट डोळा. तो घेऊन ते पुन्हा तिन्हीकडे फिरले आणि प्रत्येक यंत्रापुढे "और एक बार" म्हणत बसले. ठाण्याच्या तंत्रज्ञाने शेवटी हात जोडले, "चाचा, आँख है, कपडा नहीं. डोळ्याला टेकवायची कांडी जरा दबली की आकडा उतरतो." म्हणजे आता यंत्राबरोबर हातही तपासणं आलं.

इकडे घरी मामी माणसं आवाजावरून ओळखत होत्या, भाकऱ्या करपत होत्या. एकदा त्या म्हणाल्याच, "लूम बंद परलाय आनि तुमी गज तपासताव. मना तुमचा तोंड बी दिसत न्हाय."

मामा उठून ओटीवर आले. मला हळूच म्हणाले, "एकच डोळा हाय तिचा. चुकला तर दुसऱ्यांदा मोजायला काय उरतं?"

मला हसू आलं नाही.

शेवटी भिवंडीतल्या यंत्रावरच्या एका मुलीच्या हातून मामांच्या डोळ्याचा दर वेळी जवळजवळ तोच आकडा आला, तेव्हा तिनं घेतलेलं मामींचं माप धरून ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी वाकून विचारलं, "दिसतंय?"

मामी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कवरं वाळलाव तुमी," म्हणाल्या.

मामांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.