काटेवाले काका आणि त्यांची एकुलती रेकॉर्ड

माझ्या काकांना सगळी गल्ली काटेवाले म्हणते, कारण ते वजनकाटे दुरुस्त करतात. ग्रॅमभराचा फरक त्यांना खपत नाही. बिघडलेल्या काट्याला ते 'बाद' लिहिलेली लाल चिठ्ठी बांधतात, आणि दुकानदाराने कितीही गयावया केली तरी दुरुस्तीआधी ती सोडत नाहीत. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे असं बघतात की काकू म्हणतात, "आता मलाही चिठ्ठी बांधा."

या माणसाला वेड एकाच गोष्टीचं, जाझच्या एका जुन्या रेकॉर्डचं. पन्नासच्या दशकातली, निळ्या कव्हरवर पाच वादक. एक हॉटेल बंद पडलं, तिथला काटा काढायला काका गेले आणि अडगळीतून ही रेकॉर्ड घेऊन आले. पुढे सेकंडहँड प्लेयर आला, मग ट्रंपेट. शिकवणारं कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावायची आणि तिच्यातल्या ट्रंपेटवाल्याच्या मागे मागे जायचं, असं अठ्ठावीस वर्षं चाललं. काकू भाजी निवडत ऐकायच्या. त्यांना जाझमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दुसऱ्या बाजूची संथ धून लागली की त्यांचे हात थांबायचे.

त्या धुनेची लांबी कव्हरवर नऊ मिनिटं छापलेली. काकांच्या घड्याळात ती सव्वानऊ मिनिटं चालायची. "छापणाऱ्याची चूक," काका म्हणायचे. मोजमापावरून त्यांच्याशी हुज्जत कोण घालणार?

मागच्या वर्षी शाळेतल्या संगीताच्या बाई प्रयोगशाळेचा काटा घेऊन आल्या. काकांचं वाजवणं कानावर पडलं तशा दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "शाळेच्या कार्यक्रमात माझ्या पियानोबरोबर वाजवाल?" काका एकसष्ट वर्षांचे. आजवर त्यांनी जिवंत माणसाबरोबर कधी वाजवलं नव्हतं.

पहिल्या तालमीला मी सोबत गेले. संथ धून सुरू झाली आणि चौथ्या सुरालाच खटकलं. पियानो वर, काका किंचित खाली, दाताखाली खडा आल्यासारखं.

"पियानो चढलाय," काका म्हणाले.

"परवाच लावून घेतलाय, काका. तुम्ही नळी जरा आत सरकवून बघा."

ट्रंपेटची नळी आत-बाहेर करून सूर चढवता-उतरवता येतो. काकांनी रेकॉर्डशी जुळेल अशा जागी कानशीने खूण करून ठेवली होती. "माझी खूण चुकणार नाही," ते म्हणाले, आणि ट्रंपेट पेटीत घालून चालू लागले. वाटेत मला म्हणाले, "जमणार नाही म्हणून कळवून टाक."

मला आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मला कव्हरवरची ती नऊ मिनिटं आठवली आणि मी फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर कागदाचा कपटा ठेवला.

"मिनिटाला किती वेळा फिरते, मोजा ना काका."

"तेहतीस आणि वर एक तृतीयांश," ते न बघताच म्हणाले.

"मोजा तर खरं."

बत्तीसच्या जरा वर भरलं. म्हणजे रेकॉर्ड हळू फिरत होती आणि तिचे सूरही तेवढेच उतरलेले होते. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही तेच. प्लेयर आणला त्याच वर्षी आतला रबरी पट्टा तुटला होता आणि त्यांनीच दुसरा, जरा बारीक पट्टा बसवला होता. त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि प्लेयरला बांधली. कुठून ही अवदसा आठवली, असं मला झालं.

दोन दिवसांनी योग्य जाडीचा पट्टा आला. धून बरोबर नऊ मिनिटांत संपली. काकांनी चिठ्ठी सोडली, नळी आत सरकवली आणि नव्याने सरावाला बसले. काकूंनी भाजीवरून मान वर केली. "आज या रेकॉर्डमधल्या ट्रंपेटवाल्याला कुठे जायची घाई आहे?"

कार्यक्रमात काका पियानोच्या सुरात सूर मिळवून वाजवत होते. एकदा चुकले, बाईंनी सांभाळून घेतलं. मंचावरून उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

गेल्या रविवारी काकांकडे गेले तर संथ धून लागलेली, काकूंचे हात भाजीवर थांबलेले. सवयीने मी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ मिनिटं. ट्रंपेटच्या नळीवर आता दोन खुणा होत्या आणि प्लेयरला पुन्हा लाल चिठ्ठी लटकत होती.

"काका, जुना पट्टा परत घातलात?"

"तुझ्या काकूला असंच आवडतं," ते हळूच म्हणाले. "बाद आहे, ठाऊक आहे मला. दुरुस्त करायचा नाही."