हाताची वाटी

"आजी, हाताची वाटी कर. मी भाकरी न्हाय."

पोटाखाली उशी घेऊन माझ्या ओटीवर पालथी पडली की शेजारची पोर हे रोज म्हणायची. जन्मभर तांदळाच्या भाकऱ्या थापलेला माझा हात, तो तिच्या पाठीवरही सपाटच पडायचा. सपाट हात चट्ट वाजतो आणि लागतो. वाटीसारखा वळवलेला पडला की रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखा पोकळ आवाज येतो आणि छातीत चिकटलेला कफ सुटतो.

रेवदंड्यात आमची भिंतीला भिंत. बाप आखातात नोकरीला, घरी ती आणि तिची आई. तिचा आजार जन्मापासूनचा. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, आपोआप निघत नाही, रोज काढावा लागतो. सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. मी चौथी शिकलेली, ते नाव अजून माझ्या तोंडात बसत नाही.

या आजारात घाम फार खारट असतो. ती तान्ही असताना पापा घेतला की आईच्या ओठांना मीठ लागायचं. आमच्या आळीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. समुद्रावरचं पोर, खारट नाही तर काय गोड लागणार? घाटावर जन्मली असती तर कदाचित लवकर कळलं असतं. मोठी झाल्यावर ती माझ्या वाळत घातलेल्या खाऱ्या बांगड्यांकडे बघून म्हणायची, "मला पण मीठ लावूनच धाडलंय, आजी. सुकवायची तेवढी राहिलेय."

"गप. बोललीस तर खोकशील."

"खोकायलाच तर आलेय."

आईची मनगटं दुखायला लागली तसं थापायचं काम माझ्याकडे आलं. पुढे पोरीने अलिबागला खोली घेऊन लॅबचं काम शिकायचं काढलं. आई म्हणाली, "तिकडं तुला थापणार कोण?" तिचं जाणं तिथेच अडलं.

पण ती गप्प बसणारी नव्हती. फिजिओच्या बाईंकडून ती दोन गोष्टी शिकून आली. एक पाण्याची बाटली, तिच्यात नळी. नळीतून फुंकून बुडबुडे काढायचे. दुसरी मुठीत मावेल अशी पिपाणी, आत पोलादी गोळी. फुंकलं की गोळी थरथरते, तिच्याबरोबर छातीही. नंतर आरशावर वाफ सोडतात तसा तोंड उघडून 'हा' करायचा, म्हणजे कफ वर येतो.

मग तिने तिन्हींची परीक्षा लावली. एक दिवस माझा हात, एक दिवस बाटली, एक दिवस पिपाणी. थुंकलेल्या कफाची वाटी रोज माझ्या नाकाखाली.

"बघ, कालच्यापेक्षा जास्त हाय का?"

"मी मासळी पारखते गो, बेडके न्हाय."

"डोळे तेच हायत ना? बघ."

बघितलं. तुम्हीही बघितलं असतं तर तेच म्हणाला असतात, फरक फारसा नव्हता. बाईंचंही म्हणणं तसंच होतं. अमुकच सगळ्यांत चांगलं असं नाही, जे रोज नेमाने होईल ते करा. मी तिच्या आईला सांगितलं, "माझ्या हातात काय जादू न्हाय. जाऊ दे पोरीला."

ती गेली. रिक्षात बसताना पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलं होतं.

"आजी, तुझी नोकरी गेली."

"पगार कधी दिलास?"

शिकून ती तिकडेच नोकरीला लागली. शनिवारी रात्री घरी यायची आणि रविवारी चहाच्या आधी उशी घेऊन माझ्या ओटीवर पालथी पडायची. "थाप." मी थापायची. ती 'हा' करायची, खोकायची, पण वाटी जवळजवळ कोरडीच. मला वाटलं, सुधारली. आळीत तसं सांगतही फिरले.

गेल्या थंडीत छातीत जंतू शिरला. आधी अलिबाग, मग मुंबईचं इस्पितळ. परत आणली ती झाकून.

थोड्या दिवसांनी मी गेले, तर तिची आई बाटली धुऊन पुसत बसली होती. मी म्हटलं, "रविवारची तर बरी असायची गो. कायच निघायचं न्हाय."

ती बाटली पुसत राहिली. मग म्हणाली, "मावशी, रविवारी ती पहाटे फजरलाच उठून बाटली फुंकायची. सगळं काढून मग तुमच्याकडं यायची, नुसती थापून घ्यायला."



उशी माझ्याकडेच राहिली आहे. आई मागत नाही, मी देत नाही. सकाळी परातीत भाकरी थापायला घेते, तर हात वाटी होऊनच पडतो. मधे उंचवटा राहतो, भोवती चर पडतो. तव्यावर टाकली की चिरते.

तशीच खाते.