आनाची बाजू घेणारी नीताताई

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळात नीता राजोपाध्ये अबोल म्हणूनच माहीत होती. वय अठ्ठेचाळीस, गावातल्या ग्रंथालयात नोकरी. गणपतीत मोदकांची उकड तिच्याकडे असायची, आणि आरती संपली की ती सायकल काढून सरळ घर गाठायची. त्या माणसांसमोर तिने आवाज चढवला तो एकदाच. तोही कधीच्या काळी होऊन गेलेल्या एका राणीसाठी.

मे महिन्यात मंडळाची सहल क्लेवेला निघाली होती. हॉलंडच्या सीमेजवळचं गाव, टेकडीवर जुना किल्ला. बसमध्ये माईक होता नागेशच्या हातात. तो मंडळाचा सेक्रेटरी, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि बोलायची भारी हौस.

“तर मंडळी, या क्लेवेच्या घराण्यातली एक मुलगी इंग्लंडची राणी झाली. आना नाव तिचं. सहा लग्नं करणाऱ्या आठव्या हेन्रीची ही चौथी बायको. राजेसाहेबांनी चित्र बघून पसंत केली, आणि प्रत्यक्षात बघतात तर काय? घोडी! सहा महिन्यांत नारळ दिला!”

सगळी बस खदखदून हसली. मागच्या सीटवर नीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवीस वर्षांपूर्वी ती सांगलीहून या गावात लग्न होऊन आली होती. नवरा उत्कर्ष इथेच नोकरीला. फोटोवरून होकार कळवला, दहा दिवसांच्या रजेत लग्न उरकलं. सहा महिने झाले नाहीत तोच एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, “आपलं काही जमत नाही. तू फोटोत वेगळी वाटली होतीस.” पुढे त्याने चार घरी सांगितलं, की हिचा आधी एक साखरपुडा मोडला होता, ते आमच्यापासून लपवलं. लपवलं कुठे? त्याच्या आईने लग्नाआधी स्वतः त्या घरी चौकशी केली होती! त्याच आई फोनवर म्हणाल्या, “तू आम्हाला मुलीसारखीच आहेस गं, पण आता ताणू नकोस.” आणि तिचा भाऊ वासुदेव म्हणाला, “ये परत. पण इथे लोकांना सांगायचं काय, ते ठरवून ये.”

ते ऐकून तिने फोन ठेवला आणि परत जायचं नाही असं ठरवलं. व्हिसा नवऱ्याच्या नावाला टांगलेला. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, खेपा घालून, पुण्यात शिकलेल्या जर्मनच्या जोरावर तिने माइन्झच्या विद्यापीठात इतिहासाला प्रवेश मिळवला. आना तिला तिथे भेटली, एका जाडजूड पुस्तकात.

नीता उठली. सीटना धरत धरत पुढे आली. “नागेश, माईक दे.”

“हो ताई, काही ॲड करायचंय?”

“हसून झालं ना सगळ्यांचं? आता ऐका. तो राजा वेष बदलून न सांगता तिच्या खोलीत घुसला आणि तिला कवटाळायला गेला. चोवीस वर्षांची पोर, इंग्रजी येत नाही, समोर कोण हा अगडबंब म्हातारा! तिने ओळखलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्यावरून याचा अपमान झाला! आणि घोडी म्हणे. तो शब्द राजाच्या तोंडचा आहे याला पुरावा नाही. शंभराहून जास्त वर्षांनी कुणीतरी लिहिला, आणि तुम्ही आजही चघळताय. लहानपणी तिचं लॉरेनच्या राजपुत्राशी ठरलं होतं, ते लग्नाआधी सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा चाललं! नकोशी झाली तेव्हा बरं आठवलं! वर तिला सांगितलं, आजपासून तू माझी लाडकी बहीण. बायकोला बहीण करणारा तो, आणि विनोद कुणावर? तिच्यावर?”

“अहो ताई, जोक होता तो.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्यावरसुद्धा वर्षभर असेच जोक झाले या मंडळात. तेव्हा मी दार लावून रडले. आज रडणार नाही.”

पुढच्या सीटवरच्या राजाभाऊंनी मान खाली घातली. मंडळातले सर्वांत जुने सभासद ते. “नीता, आम्ही तेव्हा तुला विचारायला हवं होतं.”

“हो, हवं होतं. नाही विचारलंत.”

तेवढ्यात राजाभाऊंची नऊ वर्षांची नात अन्वी नीताकडे बघत म्हणाली, “उंड डान?” मग काय झालं?

“मग ती माहेरी गेली नाही, बाळा. भावाला काय वाटेल ते वाटो. इंग्लंडातच स्वतःचं घर थाटलं, हवे ते कपडे शिवले, हवी ती माणसं जेवायला बोलावली. राजाच्या पुढच्याच बायकोचं त्याने डोकं उडवलं. ही मात्र त्याच्या आणि त्याच्या बाकीच्या पाचही बायकांच्या मागे जगली.”

तिने माईक नागेशच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. राग अजून उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “नीताताईंनी सहलीचा मूड घालवला.” खाली सात अंगठे. नीताने ग्रंथालयातल्या जेवणाच्या सुट्टीत ते वाचलं आणि उभ्याउभ्या उत्तर टाकलं: “हो, घालवला. पुन्हा कुणी तसं बोललं, तर पुन्हा घालवीन.”