भेटीचे कारण

“सर, ती मुलगी आमच्या सिस्टिममध्येच नाही,” खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतले एचआर मॅनेजर फोनवर म्हणाले.

“अहो, मग सहा आठवडे रोज साडेनऊला आपल्या गेटातून आत कोण जात होतं?”

“ते व्हिजिटर, सर.”

मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कंपन्यांत काम शिकायला पाठवणे हे माझे काम. कंपनीचे सर्टिफिकेट नसेल तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, हा नियमही मीच लिहिलेला. त्यात आता प्रज्ञा अडकली होती. नागपूरची मुलगी, पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहत होती.

चूक माझी. जिन्यातल्या दिव्यासाठी सोसायटीला पाच पत्रे लिहिणारा मी, कंपनीच्या फोनवरच्या ‘पाठवा हो, सर’वर विसंबलो. लेखी काही नाही, म्हणून तिला कार्ड नाही. गेटवर रोज नवा व्हिजिटर पास.

“कामाचा काही पुरावा?” मी तिला विचारले.

“नाही ना सर. कागद बाहेर न्यायला बंदी होती. मी टेस्टिंग करत होते.” टेस्टिंग म्हणजे तयार प्रोग्रॅम मुद्दाम वेडावाकडा वापरून त्यातले दोष शोधणे.

“आणि गेटवरच्या वहीत काय लिहायचीस?”

“भेटीचं कारण. त्या दिवशीचं काम. वॉचमनकाका रकाना रिकामा सोडूच द्यायचे नाहीत.”

कार्यालयात कॉम्प्युटर आला होता. पण रागाची पत्रे मी टाइपरायटरवरच लिहीत असे. लिहिले: “एक अनोळखी व्यक्ती सहा आठवडे आपल्या कार्यालयात दिवसभर बसते आणि ती कोण, हे आपणांस ठाऊक नाही, ही गंभीर बाब आपल्या परदेशी ग्राहकांस कळवणे मी माझे कर्तव्य समजतो. तत्पूर्वी गेटवरील नोंदवही पाहण्याची परवानगी असावी.”

तिसऱ्या दिवशी बोलावणे आले. तेव्हा खराडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना शेते होती. काचेची इमारत लांबूनच दिसे. गेटवर वॉचमनने आधी मलाच वही भरायला लावली. मग मॅनेजरसाहेब खाली आले आणि आम्ही उभ्यानेच पाने उलटली.

भेटीचे कारण: लॉगिन तपासणे. भेटीचे कारण: कालची चूक पुन्हा करून दाखवणे. भेटीचे कारण: पगारपत्रकात फेब्रुवारी तीस दिवसांचा धरला आहे, हे सांगणे.

साहेबांनी टीम लीडरला बोलावले. “ही फेब्रुवारीची चूक त्या मुलीनं शोधून काढली?”

“हो सर. नाहीतर क्लायंटकडे तसंच गेलं असतं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत, सर.”

सर्टिफिकेट अर्ध्या तासात मिळाले. प्रज्ञाला शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळाला. पुढच्या सुट्टीपूर्वी मी नियमात दोन वाक्ये वाढवली: लेखी होकाराशिवाय कोणालाही पाठवू नये, आणि समोर येईल त्या वहीत रोजचे काम स्वतःच्या हाताने लिहावे.

त्या दिवशी कंपनीतून निघताना मी गेटवरच्या वहीत बाहेर पडण्याची वेळ लिहिली. माझ्या नावापुढे सकाळी मीच लिहिले होते: ‘भेटीचे कारण: भांडण’. नोंदवहीत खाडाखोड करू नये, म्हणून तसेच राहू दिले.