हॉटडॉगचा लेख आणि दुर्गेश्वरीचं नाव

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बस स्टँडवर माझा पेपरचा ठेला आहे. पेपर विकतो आणि नागपूरच्या एका पेपरला बातम्याही देतो, म्हणून लोक मला पत्रकार उदाराम म्हणतात. २००८ साली या पत्रकारानं कशी माती खाल्ली, ते सांगतो.

आठवडी बाजारात भैय्यालाल टेंभरेची हॉटडॉगची, म्हणजे आमच्याकडे पावात घातलेल्या आलूच्या टिक्कीची, गाडी लागायची. गाडी त्याची, पण हात बायकोचा. ती सालेकशाची. लग्नाआधी गोंदियात मावशीकडे राहून एका बेकरीत कामाला होती, तिथं शिकली. १९९९ ला लग्न होऊन इकडे आली, आणि पोरगी रिंकी चालायला लागल्यावर तिनंच नवऱ्याला गाडी काढायला लावली. तो म्हणे, भजे विकू. ती म्हणे, भजे तर सारेच विकतात. सात वर्षं तिनं आलू उकडले, टिक्क्या थापल्या, आणि सारं गाव म्हणायचं, चला, भैय्यालालचा हॉटडॉग खाऊ.

रविवारच्या पुरवणीसाठी हॉटडॉगवर लेख पाहिजे, असा नागपूरहून फोन आला. मी गाडीवर गेलो. ती टिक्क्या पलटवत सांगत होती, मी लिहून घेत होतो. टिक्कीत तांदळाचं पीठ घालायचं, पण जुन्या तांदळाचं. नव्याचं तव्याला धरते. पावाची आतली बाजू आधी शेकायची, नाहीतर चटणीनं त्याचा लगदा होते. दोन पानं भरली.

"नाव काय लिहू?" मी भैय्यालालला विचारलं. तिलाच विचारायला काय धाड भरली होती मला, कोण जाणे. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नवराही चारचौघांत बायकोचं घेत नाही. त्यानं मान खाली घातली. "रिंकीची माय मनतेत सारे."

मी तेवढंच लिहून वही मिटली. तिनं मात्र नाव छापून येणार म्हणून सालेकशाला मायला निरोप धाडला, रविवारचा पेपर घेऊन ठेवजो.

शुक्रवारी नागपूरच्या साहेबाचा फोन आला. "रिंकीची माय काय लिहिता? तज्ज्ञाचं पूर्ण नाव द्या, आत्ताच्या आत्ता." टेंभऱ्यांचं घर तीन किलोमीटरवर, माझी मोटरसायकल दाराशी. पण आळस केला. गोंदियात पाककला शिकवणारे एक सर ओळखीचे होते. त्यांना फोनवर सारं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हो हो, बरोबर आहे." मग काय, जुन्या तांदळाचं पीठही सरांचं आणि शेकलेला पावही सरांचा, असं छापून आलं.

सोमवारी ती ठेल्यावर आली. आवाज चढवला नाही.

"भाऊ, हे सर माझ्या गाडीवर कवा आले होते?"

मी पेपरचा गठ्ठा उगाच सरळ करू लागलो.

"मायनं तीनदा वाचून घेतला पेपर. तिले वाटलं, वाचणाऱ्यानंच माझं नाव गाळलं. तुमी असं काऊन केलं?"

लाज वाटली मला. मी वही काढली आणि जे आधीच विचारायचं होतं ते विचारलं.

"दुर्गेश्वरी," ती म्हणाली. "माझ्यासमोर लिवा."

साहेब म्हणाला, पुरवणीत चूकदुरुस्ती छापत नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग उद्यापासून गोरेगावच्या बातम्या त्या सरांकडूनच घ्या. पंधरा दिवसांनी पुरवणीच्या तळाशी चार ओळी आल्या.

बाजाराच्या दिवशी दोन पेपर घेऊन गाडीवर गेलो. एक तिच्या मायसाठी होता. दुसरा भैय्यालालच्या हातात दिला. "मोठ्यानं वाच. मी चष्मा विसरलो." चष्मा खिशातच होता.

गिऱ्हाईक उभं होतं. तो वाचू लागला, "हॉटडॉगच्या लेखातील सर्व माहिती गोरेगावच्या जाणकार..." आणि थांबला. कान लाल झाले त्याचे. बायकोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. ती टिक्की पलटवायची थांबली होती.

"...दुर्गेश्वरी टेंभरे यांनी दिली होती," त्यानं वाचलं.

टिक्की एका बाजूनं करपली. तिनं ती काढून बाजूला टाकली, दुसरी तव्यावर ठेवली.

"आणखी एकडाव वाचा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी तो थांबला नाही.